पुढच्यास ठेच

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आम्ही वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतली. परंतु दुसऱ्याची ठेच पाहून एखादी सरकारी कचेरी शहाणी झाल्याचा अनुभव विरळाच. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तो आला. सन २०२० मध्ये कोविडने अमेरिका व ब्राझील येथे उडविलेला हाहाकार पाहून तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी हवेतूनच प्राणवायू वेगळा काढणारे, मिनिटास ६०० लिटरांचे यंत्र त्याच सप्टेंबरात बसविले. पुढे दुसरी लाट आली नसती, तर याच खर्चास लोकांनी उधळपट्टी म्हटले असते! एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे प्राणवायूवाचून तळमळत असता शेजारच्या जिल्ह्यांतील रुग्ण नंदुरबारास येत होते.