अट्टूवरचा अनावश्यक सुलतानढवा

अट्टू बेटावर फौज उतरवण्यावाचून अमेरिकेला गत्यंतर नव्हते, हे मत इतक्यांदा मांडले गेले आहे की ते तपासण्याची गरजच कुणाला वाटत नाही. मला ते साफ अमान्य आहे.

अल्युशियन द्वीपमालेच्या पश्चिम टोकाचे हे बेट जपानने जून १९४२ मध्ये घेतले. तिथून अलास्काला धोका होता, हा समर्थकांचा पहिला मुद्दा. पण जपान्यांची तिथली धावपट्टी अखेरपर्यंत अपुरीच राहिली. २६ मार्च १९४३ला कोमांडोर्स्की बेटांजवळच्या नाविक लढाईनंतर त्यांचा रसदीचा ताफा माघारी वळला आणि पुढे पाणबुड्या आणतील तेवढ्यावर शिबंदी तगू लागली. रसद तुटलेल्या ठाण्यावर सुलतानढवा कशाला? पुढे राबाउलला सुमारे एक लाख जपानी सैनिकांना वळसा घालून अमेरिकेने ते ठाणे निकामी केलेच ना!

‘अट्टू पडले म्हणून अल्युशियनमधले जपानच्या ताब्यातले दुसरे बेट, किस्का, रिकामे झाले,’ असे यावर सांगतात. जपानने किस्का सोडण्याचा निर्णय अट्टूमुळे घेतला, हे खरे. पण रसद पोचवता येत नसलेले ठाणे त्याला आज ना उद्या सोडावेच लागले असते. जुलैअखेर धुक्याआडून पाच हजारांवर जपानी तासाभरात निघून गेले. ऑगस्टमध्ये चौतीस हजार अमेरिकी-कॅनेडियन सैनिकांची मोहीम त्या निर्मनुष्य बेटावर चालून गेली, आणि शत्रू नसतानाही सुरुंग, अपघात आणि आपल्याच गोळ्या यांत मृत-जखमी तीनशेंवर झाले.

अट्टूची किंमत तर फारच मोठी. कॅलिफोर्नियाच्या उष्ण, कोरड्या मुलखात आफ्रिकेच्या लढाईसाठी तयार केलेली सातवी डिव्हिजन ११ मे १९४३ रोजी या बर्फाळ चिखलात उतरवली गेली. चामड्याचे बूट भिजले ते सुकलेच नाहीत. तीन दिवसांची म्हटलेली लढाई जवळजवळ तीन आठवडे चालली. ५४९ अमेरिकी ठार झाले, अकराशेंवर जखमी झाले, आणि सुमारे बाराशे जण निव्वळ थंडीने जायबंदी झाले. २९ मेच्या पहाटे जपानी शिबंदीचा प्रमुख कर्नल यामासाकी उरलेल्या माणसांनिशी तुटून पडला. सुमारे २,४०० जपान्यांपैकी तीसही जिवंत हाती लागले नाहीत; शेकडोंनी छातीशी हातबॉम्ब धरून प्राण दिले.

दुसरा मुद्दा स्वभूमीचा: आपली जमीन शत्रूच्या हाती राहू देता येत नाही. हा युक्तिवाद मला सर्वांत पोकळ वाटतो. त्या भूमीवर उनांगन या मूळनिवासी लोकांचे गाव होते. जपान्यांनी तिथल्या सुमारे चाळीस रहिवाशांना होक्काइडोतल्या ओतारूला नेले. उपासमार आणि क्षयाने त्यांतले जवळजवळ निम्मे तिथेच गेले. उरलेले १९४५ मध्ये सुटले, तेव्हा अट्टू अमेरिकेच्याच ताब्यात होते. तरीही सरकारने त्यांना गावी परतू दिले नाही. बहुतेकांना शेकडो मैल दूर अट्का बेटावर वसवले. १९८८च्या कायद्याने भरपाई दिली. गाव काही उभे राहिले नाही.

भूमी ‘परत मिळवणे’ म्हणजे तिची माणसे तिच्यावर परत नांदवणे, असे मी मानतो. अट्टूचा विजय मोजणाऱ्यांनी ५४९ सैनिकांबरोबर ओतारूत मेलेले गावकरीही मोजावेत आणि मग या मोहिमेला यश म्हणायचे की नाही ते ठरवावे.