नामांकन हुकले म्हणून चित्रपट उणा नव्हे



ऑस्करचे नामांकन हुकले म्हणजे चित्रपटच कमी पडला, हे वाचकपत्रातले मत पटत नाही. ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१५ मध्ये ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होता. नामांकन मिळाले नाही. पण २०१४ मध्येच व्हेनिस चित्रपट महोत्सवाने त्याला दोन पुरस्कार दिले होते. मग फरक कशाचा? प्रचाराच्या पैशाचा. ‘श्वास’ चित्रपटाच्या ऑस्कर प्रचारासाठी लोकवर्गणी काढावी लागली होती. पैसा सुमार चित्रपटाला तारत नाही, हे मान्य. पण चांगला चित्रपट मतदारांपर्यंत पोहोचवायला तो लागतोच. मला अधिक खटकते ती घरची उपेक्षा. ‘कोर्ट’मधला मुलांची शिकवणी आटोपून मंचावर गाणारा आणि तिथेच पकडला जाणारा नारायण कांबळे आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी उभा केला. चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. पण साथीदारांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार नाही. एप्रिल २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या स्मृतिदिनी नागपुरात दरवर्षी ‘कोर्ट’ दाखवावा, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर