रात्रीचे शोधक

आमच्या शिकल्यासवरल्या तरुणांत अलीकडे एक नवा छंद वाढीस लागला आहे. बंद पडलेल्या गिरण्या, ओस वाडे, टाकून दिलेली स्थानके ह्यांत शिरून त्या पाहावयाच्या व त्यांची छायाचित्रे मित्रमंडळींस दाखवावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. इंग्रजीत त्यास 'अर्बन एक्सप्लोरेशन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. छंदाविषयी आमची तक्रार नाही. पडकी भिंत पाहून ज्याचे पाऊल थबकत नाही, त्याच्या हाती इतिहासाचे पुस्तक देण्यात फारसा अर्थ नाही, असे आम्ही वर्गात पुष्कळदा म्हणत आलो आहोत. तक्रार आहे ती ह्या मंडळींत जवळजवळ सर्वमान्य होऊन बसलेल्या वेळेच्या नियमाविषयी. जावे ते मध्यरात्रीनंतर, किंवा फार तर उजाडण्यापूर्वी, असा तो नियम. का, तर त्या वेळी राखणदार झोपलेला असतो, वास्तू निःशब्द असते आणि चित्र झकास येते. ह्यांपैकी शेवटचे कारण पोरकट आहे, मधले चुकीचे आहे, आणि पहिले लाजिरवाणे आहे.

मधले कारण प्रथम घेतो, कारण त्यातच खरा घोटाळा आहे. धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव घ्या. ढोकी हे शहर नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ह्या छंदास शहर लागत नाही, यंत्रे आणि माणसे एकत्र येऊन पुढे माणसे निघून गेली असली म्हणजे पुरते. ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना कर्जाच्या ओझ्याखाली कित्येक वर्षे बंद होता. अशा बंद कारखान्यात अपरात्री विजेरी घेऊन शिरणाऱ्यास काय दिसते? गंजलेली चाके, काळोख आणि शांतता. ती शांतता रात्रीची आहे, वास्तूच्या स्वभावाचीच आहे, असे समजून तो भारावतो व तसे लिहितो.

वस्तुतः साखर कारखान्यास रात्र अशी नसतेच. गळीत हंगाम सुरू झाला, बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले आणि गव्हाणीत पहिली मोळी पडली, की पुढचे काही महिने पाळ्या बदलतात पण यंत्र थांबत नाही. उसाच्या गाड्यांची रांग वजनकाट्यापाशी रात्रभर उभी असते. बैल जागे, गाडीवान अर्धवट झोपेत, पाचटावर शेकोटी, आणि पाळी बदलल्याचा भोंगा पंचक्रोशीचे घड्याळ झालेला. थंडीच्या दिवसांत आसपासच्या गावांहून पाहिले तर मध्यरात्री सर्वांत अधिक उजेड जिकडे असावयाचा तो कारखान्याकडे. तेव्हा मध्यरात्रीची ती निःशब्दता रात्रीची नव्हे, बंद पडल्याची आहे. ती ऐकू येण्यास आधी भोंगा ठाऊक असावा लागतो. आणि भोंग्याची गोष्ट सांगणारा माणूस रात्री दोन वाजता घरी निजलेला असतो. तो भेटतो सकाळी, चहाच्या दुकानात. त्याचे वेतन थकले असेल, त्याच्या बापाने भागभांडवल भरले असेल, आणि तुम्ही ज्यास 'भग्न सौंदर्य' म्हणता त्यास तो आपली बुडालेली उमेद म्हणत असेल. त्यास टाळून पाहिलेला कारखाना हा पाहिलेला कारखानाच नव्हे.

शिवाय बंद म्हणजे मृत, हा निष्कर्ष तरी कोणी काढावयास सांगितला? तेरणा कारखाना जिल्हा बँकेच्या ताब्यात गेला, पुढे भाडेतत्त्वावर चालवावयास देण्यात आला, आणि त्यात पुन्हा ऊस गाळला गेला. ज्यांनी त्याचे शवाचे फोटो काढून ठेवले असतील, त्यांनी आता त्यांखाली काय लिहावे?

आता राखणदाराच्या झोपेविषयी. ह्या मंडळींच्या बोलण्यात हा गृहस्थ नेहमी विनोदी पात्र म्हणून येतो. बहुधा म्हातारा, हातात काठी, घोरणारा. त्याची नोकरी ठेकेदाराकडची व तुटपुंज्या पगाराची असते, आणि आत कोणी शिरल्याचे उघडकीस आले तर मेमो त्यास मिळतो, तुम्हांस नव्हे. तुम्ही चित्र घेऊन पुण्यास परतता. कायद्यानेही ह्या वेळेचा विचार केलेला आहे, हे आमच्या पदवीधरांस बहुधा ठाऊक नसावे. १८६० च्या दंडसंहितेने लपूनछपून केलेल्या गृहअतिक्रमणास २ वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली, आणि तोच अपराध रात्री केल्यास ती ३ वर्षांपर्यंत वाढविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो फरक कायम आहे. मात्र तेथे 'रात्री' ह्या शब्दाऐवजी सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी असे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्येक भटक्यास हे कलम लागेलच असे नाही. परंतु भिंतीआडचा माणूस अंधारात अधिक असहाय असतो, एवढे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांस कळले होते.

ढोकीहून आग्नेयेस गेले म्हणजे ह्या वादाचे दुसरे व फार गंभीर रूप दिसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ४ वाजण्यास चारच मिनिटे उरली असता लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच निजली होती. माती-दगडांच्या जाड भिंती, वर धाब्याचे ओझे. ती घरे निजलेल्यांवरच बसली. किल्लारी, सास्तूर, होळी ही नावे त्या पहाटेनंतर महाराष्ट्रास निराळ्या अर्थाने ठाऊक झाली. मृतांची संख्या १० हजारांच्या घरात गेली, आणि ५० हून अधिक गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. जुन्या गावठाणांत पुढे बाभळी माजल्या. अशा ओस गावठाणात 'भयाण रात्रीचा अनुभव' घेण्यासाठी नेमके पहाटेच्या प्रहरी जाण्यास रसिकता म्हणावयाचे असेल, तर तो शब्द आम्ही ह्यापुढे आमच्या व्याख्यानांतून वापरणार नाही. ज्या वेळेला त्या मुलुखातील वडीलधारी माणसे अजून दचकून जागी होतात, ती वेळ तुम्ही गंमत म्हणून निवडता. दिवसा जा. नव्या गावातून वाट विचारीत जा. बहुधा कोणीतरी बरोबर येईल आणि आपल्या घराचा उंबरा कोठे होता ते दाखवील. न आला, तर त्याचे न येणे हेही त्या गावाविषयी काही सांगत असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याचा दुरुपयोग होईल. २२ ऑगस्ट २०१३ च्या संध्याकाळी मुंबईत महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात एक तरुण छायाचित्रकार पत्रकार आपल्या सहकाऱ्यासह कामानिमित्त गेली असता तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. २०१४ मध्ये न्यायालयाने अपराध्यांस दोषी ठरविले. परंतु त्या दिवसांत आमच्याच वर्गातील, आमच्याच दिवाणखान्यांतील कित्येक सभ्य माणसे विचारीत होती, की ती त्या वेळी तेथे गेलीच कशाला? आमचे वेळेविषयीचे म्हणणे त्या प्रश्नाच्या जातीचे नाही. अपराध घड्याळाचा नसतो, आणि स्त्रीच्या कामास वेळेचे कुंपण घालणे हा त्यावर उपायही नव्हे. शहराच्या मध्यावर एवढी जागा वर्षानुवर्षे बेवारस राहू देणाऱ्यांस मात्र कोणी वेळ विचारली नाही. आम्ही दिवस सुचवितो तो मुलींस नव्हे, पाहणाऱ्या सर्वांस. आणि मुलींस तो सुचवून मुलांस रात्र मोकळी ठेवणाऱ्या आईबापांशी आमचे मुळीच जमत नाही.

मग दिवसातली कोणती वेळ? उन्हाळ्यात ह्या भागात अकरानंतर पत्र्याखाली उभे राहवत नाही, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या जिन्यांवर जाऊच नये. उरल्या काळात सूर्य वर आल्यापासून तास-दोन तास, अथवा चारनंतरचा थोडा वेळ, ऊन तिरपे असते. चित्राच्या हौशी माणसास ही गोष्ट आम्ही सांगावी लागावी, ह्याचे नवल वाटते! विजेरीचा झोत वस्तूस समोरून चापट करून टाकतो. तिरपे ऊन खाचा, टाक्यांचे घाव, पुसट अक्षरे, बुजलेल्या पायाच्या रेषा उभ्या करते. ढोकीजवळच तेर आहे, प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्द्याच्या पुस्तकात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ज्याचा उल्लेख आहे ते हेच, असे फ्लीट ह्यांनी १९०१ मध्ये दाखविले. तेथील पांढरीच्या टेकाडांवर खापरे व मणी पावसाने उघडे पडतात, आणि ते दिसतात उन्हाच्या तिरप्या किरणांत. कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावात राहून जो संग्रह जमविला, ज्याचे आज त्यांच्याच नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय झाले आहे, तो भिंतीवरून उड्या मारून जमविलेला नव्हे. जमिनीचे उंचसखल, मोहोळाची जागा, गंजून कुजलेली लोखंडी जाळी, उघडा हौद, हे सारे दिवसा दुरून दिसते. रात्री मात्र आग्यामोहोळ उजेडावर धावते, आणि मण्यार व फुरसे बाहेर पडतात ते त्याच वेळी.

आमचे एक तरुण सहाध्यापक ह्यावर डिकन्सचा दाखला देतात. झोप येईना म्हणून लंडनमध्ये रात्ररात्र भटकून डिकन्सने पुढे १८६० मध्ये जो निबंध लिहिला, तो रात्रीचाच ना? होय. परंतु तो निबंध पुन्हा उघडून पाहावा. डिकन्स केवळ ओस जागांसाठी भटकत नाही. तो जागी माणसे शोधीत फिरतो. शेवटी त्यास कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात पहाटेची कॉफी मिळते, तेव्हा कोठे बरे वाटते. चालत्या शहराची रात्र पाहावयाची असेल तर आम्हीही येऊ. ढोकीस गळिताच्या दिवसांत वजनकाट्यापाशी दोन वाजता उभे राहण्याइतका चांगला धडा आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही.

विद्यार्थ्यांचा शेवटचा आक्षेप असा, की सकाळी नऊ वाजता कॉलेज असते. रविवारी नसते, असे आमच्या ऐकिवात आहे.