वाड्याचा खरेदीदार आणि वाड्याचा चौक

नगरवास्तू : साप्ताहिक सदर

जीर्णोद्धार झालेला एखादा पेशवेकालीन वाडा ‘निवासासाठी अथवा हॉटेलसाठी’ विक्रीस निघाला की पुण्यातील सुजाण मंडळींत दोन तट पडतात. वाड्यात परक्या पाहुण्यांनी पैसे मोजून उतरावे, हा एका पक्षास त्या वास्तूचा अवमान वाटतो. दुसऱ्यास मात्र उत्पन्नाची काही तजवीज झाल्यावाचून सागवानाची एक तुळईही यापुढे टिकणार नाही, हे स्पष्ट दिसत असते. माझ्या मते खरेदीदार गृहस्थ आहे की हॉटेलवाला, हा प्रश्न दुय्यम असून, खरेदीखतात आणि महापालिकेच्या परवानगीत कोणत्या अटी नमूद होतात, हाच मुख्य प्रश्न आहे.

उपयोग बदलल्याने वास्तू भ्रष्ट होते, असे आपला इतिहास सांगत नाही. दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधविलेल्या विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे इंग्रजी शाळा आली, नंतर नगरपालिकेच्या कचेऱ्या बसल्या. आणि १८७९ ची आग सोसूनही तो आज उभा आहे, याचे मोठे श्रेय या अखंड वापराकडे जाते. पेठांतील इतर वाडे खचले ते मुख्यतः उत्पन्न आटल्यामुळे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंना त्या संरक्षणाची गरज होती हे निर्विवाद असले, तरी मालकाच्या हाती पडणाऱ्या रकमेतून पावसाळ्यापूर्वीची शाकारणीही भागेना. त्यात १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांची दैना केली, आणि वारसांच्या वाटण्यांनी व दाव्यांनी उरलेले काम पुरे केले.

हॉटेलाची भीती मात्र निराधार नाही. प्रत्येक खोलीस स्वतंत्र न्हाणीघर द्यावयाचे, म्हणजे लाकडी तक्तपोशीवर पाणी खेळवावयाचे. ते झिरपून तुळयांच्या भिंतीत रुतलेल्या टोकांशी पोचले की सागही कुजू लागतो. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. सर्वांत घातक मोह चौकावर काच घालून तेथे भोजनगृह थाटण्याचा. वाड्याच्या बाजूच्या भिंती बहुधा शेजारच्या घरांना भिडलेल्या असतात. ओसरीला, माजघराला आणि वरच्या दालनांना हवा-उजेड मिळतो तो चौकातूनच, आणि तो झाकला की वाड्याचे केवळ दर्शनी चित्र उरते. गृहस्थाच्या हातीही धोका नाही असे नाही. दोन-तीन चौकांच्या वाड्यात एकच कुटुंब राहू लागले की मागची दालने कुलपात जातात, आणि बंद दालनांत वाळवी निर्वेध फिरते.

म्हणून अटी असाव्यात त्या अशा : चौक उघडा राहील, कोरीव खांब, महिरपी व तुळया जागच्या हलणार नाहीत, डागडुजी चुन्यातच होईल, न्हाणीघरे मागील सोप्यात, दगडी जोत्यावर असतील, आणि वर्षातून काही ठरावीक दिवस दिंडी दरवाजा नागरिकांना मुक्त असेल. त्यांच्या मोबदल्यात पालिकेने घरपट्टीत भरीव सूट द्यावी, आणि वारसा-वास्तूचा न वापरलेला बांधकामहक्क अन्यत्र विकण्याची जी तरतूद नियमावलीत आहे, तिचा लाभ मालकास विनाविलंब मिळावा. अहमदाबादेत मंगळदास गिरधरदास यांची १९२४ मधील हवेली त्यांच्याच वंशजांनी हॉटेल करून राखली आहे. निष्ठा आणि व्यवहार एकत्र नांदू शकतात, याचा तो सज्जड पुरावा आहे.

ज्यास या अटी जाचक वाटतील, त्याने नवी इमारत बांधावी, तीस शहरात मज्जाव नाही. पण ज्यास त्या मान्य असतील, तो कुटुंबासह राहावयास येवो की पाहुणे उतरवावयास, त्याचे पुणेकरांनी मनःपूर्वक स्वागतच केले पाहिजे.

— नगरवासी