रोज एक वस्तू

गेल्या दिवाळीत मी एका दिवसात अख्खं घर आवरलं. रद्दीवाला चार पोती घेऊन गेला. रात्री आजीनं विचारलं, "आजोबांची लूमच्या हिशेबाची वही कुठंय रे?" ती रद्दीतच गेली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, मित्रांनो. घर रोज थोडं थोडंच आवरावं. आपल्या बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा बघा. १६१५ च्या सुमारास, मोगल काळात बांधलेले हे भुयारी पाट पाण्यातला चुना थरावर थर बसून अरुंद होत गेले. घरही असंच भरतं, एकेक पिशवी, एकेक डबा करून. मग ते एका दिवसात रिकामं करायचा हट्ट कशाला?

आता मी रोज झोपण्याआधी एकच वस्तू उचलतो आणि आजीला विचारतो. बंद पडलेलं घड्याळ गेलं, आजोबांचा चष्मा राहिला. कधी त्या वस्तूची गोष्ट सांगताना आजी अर्धा तास घेते. घेऊ दे. यंदा दिवाळीला घर थोडं कमी चकाचक दिसलं तरी चालेल, पण कुणाला रद्दीवाल्यामागे धावावं लागू नये.