वाघ नसलेल्या फोटोंची बाजू

चंद्रपूरचा फोटो म्हणजे वाघ आणि गडचिरोलीचा फोटो म्हणजे बंदूक. ही वाटणी कोणी बसून ठरवलेली नाही, पण ती इतकी पक्की झाली आहे की इथली माणसंही ‘आमच्याकडे फोटो काढण्यासारखं काय आहे?’ असं विचारतात. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते, तोफेएवढ्या लेन्स बाहेर निघतात आणि वाघ दिसला नाही की सफारी फुकट गेली म्हणतात. चैत्रात त्याच वेळी आजूबाजूच्या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन मोहाखाली पोचलेल्या असतात. त्यांच्याकडे एकही लेन्स वळत नाही.

रोजच्या गोष्टींच्या फोटोंवर पहिला आक्षेप असा, की हा मोबाइलमध्ये साठणारा कचरा आहे. कला दुर्मीळ गोष्टीत असते. कचरा साठतो, हे खरं. पण तो न बघता बटण दाबल्याने साठतो. वाघांचं तरी काय वेगळं आहे? तीच वाघीण, तोच पाणवठा, तोच मे महिना, आणि फोटो शेकड्यांनी. दुर्मिळाचाही कचरा होतोच.

उलट रोज दिसणाऱ्या गोष्टीची एक सोय असते: तिच्यावर हवा तसा उजेड पडेपर्यंत थांबता येतं. पाहुण्याच्या हाती सफारीचे तीन-चार तास. गावातल्या माणसाकडे सगळे ऋतू. सागाचं जंगल उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून मोकळं होतं, ऊन थेट जमिनीवर उतरतं. तेच जंगल श्रावणात भर दुपारी काळोखं असतं. ब्रह्मपुरी-नागभीडकडे रोवणी सुरू झाली की बांधीतल्या पाण्यात आभाळ उतरतं आणि वाकलेल्या बायांच्या चेहऱ्यांवर खालून उजेड येतो. तो बघायला धुऱ्यावर उभं राहायचं, एवढंच. हिवाळ्यात वडसा-देसाईगंजच्या बाजूला झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. सगळे कॅमेरे मंचाकडे असतात. एकदा पाठ फिरवून पुढच्या रांगा बघाव्यात: चादरी पांघरून बसलेली माणसं, मंचावरचा रंगीत प्रकाश त्यांच्या चेहऱ्यांवर, मांडीवर झोपलेली पोरं. माझ्या मते त्या नाटकाचा खरा फोटो तो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जिथे कोळशाची धूळ अंगणात बसते, औष्णिक केंद्राची चिमणी दिवसरात्र धूर सोडते, पारा 47-48 अंशांवर जातो, तिथे सुंदर उजेड शोधणं म्हणजे दुःखावर रेशमी पडदा टाकणं नाही का? काही फोटो तसे असतातच. ‘गरिबी पण किती निरागस’ छापाचे फोटो मलाही सहन होत नाहीत. पण सौंदर्य आणि पुरावा एका चौकटीत राहू शकत नाहीत, हे मी मानत नाही. चंद्रपूरच्या धुळकट संध्याकाळी किरण कसे पसरतात हे टिपलं की हवेतली धूळही टिपली जाते. मोहाखाली फुलं नीट दिसावीत म्हणून पालापाचोळा जाळतात. त्या धुरातून येणारे सकाळचे कवडसे विलक्षण देखणे असतात, आणि त्याच आगीतून कधी वणवाही पेटतो. देखणेपणामुळे नजर थांबते, म्हणून तर पुढचा प्रश्न सुचतो. खाणीच्या मातीचा ढिगारा एकाच धुऱ्यावरून दरवर्षी टिपला, तर तो किती वाढला हे सांगायला भाषण नको.

वाघाच्या फोटोची दुसरी बाजूही अशाच साध्या फोटोंत सापडते. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या जंगलाच्या जिवावर चंद्रपूरचं नाव जगभर झालं, त्यात बाई पहाटे का शिरते, हे पाणवठ्यावरच्या वाघिणीच्या फोटोतून कळणार नाही. अंगणात पसरलेल्या पानांच्या आणि रात्री पुडे बांधणाऱ्या हातांच्या फोटोतून थोडंफार कळेल.

मात्र हे फोटो कोणी काढायचे? 1940च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी शेजारच्या बस्तरमध्ये मुरियांचे आणि फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी प्राणहितेपलीकडच्या आदिलाबादेत राजगोंडांचे फोटो काढले. ती कामं मोलाची आहेत. कॅमेरा मात्र पाहुण्याच्या हातात होता, आणि नंतर आलेल्या हौशी पाहुण्यांनी त्यांची आस्था सोडून फक्त मोरपिसं आणि दागिने उचलले. आज एटापल्ली-भामरागडच्या मुलींच्या हातात मोबाइल आहे. त्यांनी चुलीपाशी बसलेल्या आजीचा काढलेला फोटो कदाचित हलेल, अंधारा येईल. पण त्याखाली ‘एक आदिवासी वृद्धा’ असं लिहिलेलं नसेल. आजीचं नाव असेल.