बूट पायासाठी की पाय बुटासाठी?

राष्ट्रीय छात्रसेनेविषयी महाविद्यालयांतून पुष्कळ बोलले जाते. एकता आणि अनुशासन या दोन शब्दांवाचून एकही समारंभ पार पडत नाही. पण ज्या वस्तूवर हे अनुशासन अक्षरशः उभे असते, त्या बुटाबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. विषय क्षुल्लक वाटेल, पण वाचकांनी थोडा धीर धरावा. शिबिरात उन्हाने किंवा कष्टाने खचलेले कॅडेट मी थोडे पाहिले, टाचेवरच्या फोडाने खचलेले मात्र पुष्कळ पाहिले.

बेळगावला सैन्य नवे नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर इथेच आहे. कॅम्पातून जाणाऱ्या रंगरुटांच्या बुटांचा ताल ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. आपल्या पायांना सवय मात्र चपलेची. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकाचेही चार. बेळगाव त्यांतलाच एक. चपलेत वाढलेल्या पायाचा चवडा रुंद असतो, बोटे मोकळी पसरलेली असतात. नवी चप्पल मराठीत ‘चावते’, आणि कन्नडातही ती ‘कच्चुत्तदे’, म्हणजे चावतेच. एरवी दोन भाषा कशावर एकमत होवोत न होवोत, नवे चामडे हे दात असलेले जनावर आहे आणि त्याला आधी माणसाळवावे लागते, यावर दोघींचे एकमत आहे.

असे असता आपण करतो काय? बुटाचा नंबर तोंडी सांगतो, जोड काखेत मारतो आणि शिबिराच्या आदल्या दिवशी पायात घालतो. आमच्या तुकडीत खानापूर तालुक्याच्या एका खेड्यातून येणारा मित्र होता. पळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सैन्यात जायचे म्हणून त्याला ‘सी’ प्रमाणपत्र हवे होते. त्याला बूट मिळाले शिबिराच्या दोन दिवस आधी. चवड्यात घट्ट झाले म्हणून त्याने मोठ्या नंबराचा जोड बदलून घेतला. आता चवडा सुटला, पण टाच आत वरखाली होऊ लागली. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, “बसेल, बसेल. पायाला सवय होईल.” तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांचे फोड फुटले. उरलेले दिवस तो औषधाच्या तंबूपाशी बसून इतरांची कवायत पाहत होता. त्याचे कष्ट कमी पडले नाहीत, की हिंमतही कमी पडली नाही. कमी पडले ते चार आठवडे.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. सैनिकी शिक्षण म्हणजे गादीवरची झोप नव्हे, फोड आल्यावाचून जवान घडत नाही, असे म्हणणारे आपल्यात बरेच आहेत. मला हे मान्य नाही. फोड हे शौर्याचे पदक नव्हे. ओलावा, उष्णता आणि घासणे या तिहींचा तो परिणाम आहे, त्यात शौर्याचा संबंध येतो कुठे? उलट खुद्द सैन्यानेच पाय कधी हलके लेखलेले नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलभरल्या खंदकांत पाय सडू लागले, तेव्हा मोजे बदलणे, पायांना तेल चोळणे आणि पायांची तपासणी करणे या गोष्टी हुकुमाने करवून घेतल्या गेल्या. १९६२ साली नेफाच्या थंडीत आपल्या कित्येक जवानांना कॅनव्हासच्या बुटांवर लढावे लागले. त्यांचे धैर्य वादातीत आहे. पण बुटाची उणीव धैर्याने भरून काढा, असे त्यांना सांगावे लागले ही आपली नामुष्की होती. तिचा अभिमान कसला बाळगायचा?

म्हणून माझे म्हणणे असे, की बूट निवडणे आणि तो पायात रुळवणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानला जावा. निवड अवघड नाही. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजतात, तेव्हा बूट संध्याकाळी घालून पाहावा. शिबिरात वापरायचे तेच जाड मोजे घालावेत. दोन्ही पाय अगदी सारखे नसतात, म्हणून दोन्ही बूट घालून, उभे राहून, चार पावले चालून पाहावे. नाड्या सैल ठेवून पाय पुढे सारला तर टाचेमागे एक बोट जावे. नाड्या आवळल्यावर टाच जागची हलू नये. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. रुंदीची अडचण लांबीने सोडवायला जाणे किती महागात पडते, ते यावरून कळावे. रुंद जोड शोधावा, लांब नव्हे.

पुढचे काम सावकाशीचे. पहिले काही दिवस घरातच अर्धा तास, मग गल्लीत, मग परेडला, शेवटी पाठीवर ओझे घेऊन चार-पाच किलोमीटर. कुठे चुरचुरू लागले तर फोड येण्याची वाट न पाहता चिकटपट्टी लावावी. बेळगावच्या पावसात भिजलेला बूट चुलीपाशी वाळवू नये, चामडे कडक होऊन तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावा. आणि सीनियरचा जुना जोड फुकट मिळतो म्हणून घेऊ नये. तो दुसऱ्याच्या पायाला शरण गेलेला असतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून शेवटी हिशेबाचे बोलतो. जमाखर्चात घसारा मालमत्तेवर आकारतात. आपल्याकडे मालमत्ता नवीकोरी राहते आणि घसारा टाचेवर पडतो! वर्षभराची परेड, पहाटेची हजेरी, घरच्यांचा एस. टी.चा खर्च, हे सारे भांडवल एका न रुळलेल्या बुटापायी बुडते, आणि ते बहुधा गरिबाच्या मुलाचे बुडते. कारण शहरातला मुलगा दुसरा जोड विकत घेतो.

उपाय फारसा पैसा मागत नाही. बूट भांडारातून मिळोत वा बाजारातून घ्यायचे असोत, ते शिबिराच्या निदान चार आठवडे आधी हाती यावेत. वर्षारंभी एका परेडचा तास पावले मोजण्यासाठी द्यावा. लांबीबरोबर रुंदीही वहीत लिहून ठेवावी. बदलून मागणाऱ्याला नाजूक म्हणून हिणवू नये. आणि शिबिरात रोज संध्याकाळी बूट किती चकाकतो हे पाहिले जाते, तसे तो काढायला लावून पायही पाहिले जावेत. पॉलिशला गुण देणाऱ्यांनी पायाकडे एकवार पाहायला काय हरकत आहे?